रेगिओनाललीगा २००७-०८ : दहाव्या नंबरासाठी झुंजलेला हंगाम

निळापिवळा

इथे बुंडेसलीगा (जर्मन फुटबॉलची सगळ्यात वरची लीग) आणि चॅम्पियन्स लीगवर भरपूर धागे निघतात. मला लिहायचंय ते जर्मनीतल्या तिसऱ्या पायरीवरच्या एका हंगामाबद्दल. त्या वर्षी पहिल्या नंबरापेक्षा दहाव्या नंबरासाठी जास्त जीव टाकला गेला. २००७-०८ ची गोष्ट. मी तेव्हा ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकत होतो आणि आइनट्राख्ट या गावच्या क्लबाचे घरचे जवळजवळ सगळे सामने दक्षिण बाजूच्या पायऱ्यांवर उभं राहून पाहिले. हे मराठीत कुठेतरी लिहून ठेवायचं खूप दिवस मनात होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९४ मध्ये रेगिओनाललीगा ही तिसरी पायरी म्हणून सुरू झाली, तेव्हा तिचे चार गट होते. २००० पासून दोनच उरले, उत्तर आणि दक्षिण. उत्तर गट म्हणजे डच सीमेजवळच्या एम्डेनपासून पार ड्रेस्डेनपर्यंत, रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या घरात. तिकिटाच्या पैशावर चालणाऱ्या क्लबांना हा प्रवास जड जायचा. मग सप्टेंबर २००६ मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने ठरवलं, की २००८ पासून तिसरी पायरी अख्ख्या देशाची एकच असेल, वीस संघांची.

झालं. या एका ठरावामुळे २००७-०८ चा हंगाम म्हणजे चाळण झाली. उत्तरेत १९ संघ, दक्षिणेत १८. दोन्ही गटांतले पहिले दोन थेट दुसऱ्या बुंडेसलीगात, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. तिसरा ते दहावा, म्हणजे प्रत्येकी आठ, नव्या तिसऱ्या लीगमध्ये. हे सोळा आणि दुसऱ्या बुंडेसलीगातून खाली येणारे चार, अशी विसाची भरती. अकराव्यापासून खाली सगळे चौथ्या पायरीवर. त्या चौथ्या पायरीचं नावही रेगिओनाललीगाच ठेवलं, फक्त तीन गटांची. म्हणजे पुढच्या वर्षी छापील वेळापत्रकावर तुमच्या लीगचं नाव तेच दिसणार, पण तुम्ही एक मजला खाली उतरलेले असणार.

आणि या चाळणीत कोण कोण होतं ते बघा. रोट-वाइस एसेन, १९५५ चा जर्मन विजेता. १९५४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा हेल्मुट रान याच क्लबचा. माग्डेबुर्ग, ज्याने १९७४ मध्ये रॉटरडॅमला मिलानला २-० ने हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. पूर्व जर्मनीच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला युरोपातला चषक कधी मिळाला नाही. फॉर्च्यूना ड्युसेलडोर्फ, जो १९७९ मध्ये त्याच चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाशी ४-३ असा झुंजून हरला. आठ वेळा पूर्व जर्मनी जिंकलेला दिनामो ड्रेस्डेन. उनिऑन बर्लिन. आणि आमचा आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग, १९६३ च्या पहिल्या बुंडेसलीगातला, १९६७ चा विजेता.

ब्राउनश्वाइगबद्दल थोडं जास्त लिहितो, रागावू नका. जर्मनीत फुटबॉल आलं तेच मुळी या गावात. १८७४ मध्ये कोनराड कोख नावाच्या शाळामास्तरांनी पोरांना मैदानात चेंडू दिला. आणि १९७३ मध्ये शर्टावर जाहिरात घालून उतरणारा बुंडेसलीगातला पहिला क्लबही हाच. शेजारच्या वोल्फेनब्युटेलच्या येगरमाइस्टर मद्याची जाहिरात. महासंघ परवानगी देईना, तेव्हा सभासदांनी मतदान करून क्लबच्या बोधचिन्हावरच सिंहाच्या जागी कंपनीचं हरणाचं डोकं घेतलं. बोधचिन्ह छातीवर लावायला मनाई करणार कशी? आज जगभर शर्टांवर जी नावं झळकतात, त्यांची जर्मनीतली सुरुवात इथली.

मी गावात पोचलो तेव्हा यातलं काही उरलं नव्हतं. २००६-०७ मध्ये दुसऱ्या बुंडेसलीगात एकाच हंगामात पाच प्रशिक्षक झाले आणि संघ तळाला राहून खाली आला. माझ्या वसतिगृहाच्या रखवालदाराच्या खोलीत १९६७ च्या संघाचा फोटो होता, काचेला तडा गेलेला. मी पहिल्यांदा त्याला विचारलं की इथे फुटबॉल पाहायला जावं का, तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘जा. पण यंदा जिंकण्यासाठी जाऊ नकोस, वाचण्यासाठी जा.’

तेव्हा मला ते कळलं नाही. मे महिन्यात कळलं.

(बाकी सावकाश प्रतिसादांत लिहितो, एका दमात होत नाहीये.)

---

आकडेमोड

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. एक शंका. यादीत ‘वेर्डर ब्रेमेन २’, ‘बायर्न २’ असे संघ दिसतात. ते राखीव संघ ना? मग तेसुद्धा दहांत आले तर नव्या लीगमध्ये जाणार? मग जुन्या क्लबाची जागा गेलीच की.

---

निळापिवळा

@आकडेमोड, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. हो, जाणार. उत्तर गटात ब्रेमेन, हांबुर्ग, वोल्फ्सबुर्ग, डोर्टमुंड यांचे दुसरे संघ होते. वोल्फ्सबुर्ग ब्राउनश्वाइगपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे बुंडेसलीगाच्या पहिल्या वर्षापासूनचा क्लब शेजारच्या गावाच्या दुसऱ्या फळीशी गुणांसाठी भांडतोय, अशी स्थिती होती. त्या सामन्यांना पाहुण्यांचा कोपरा रिकामा असायचा. आमच्या गजरावर समोरून गजर नाही. ज्याने रिकाम्या कोपऱ्यासमोर गाणी म्हटली आहेत त्यालाच ते कसं वाटतं ते कळेल.

शेवटी नव्या लीगमध्ये असे तीन संघ गेले. ब्रेमेन, स्टुटगार्ट आणि बायर्न यांचे. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तरुण खेळाडूंसाठी वेगळी राखीव लीग काढा ना. ज्या जागेवर गाव अवलंबून आहे ती जागा कशाला?

---

पहिलाटच

दुसरी बाजूही मांडतो. त्याच हंगामात, मार्च २००८ मध्ये, बायर्नच्या दुसऱ्या संघाकडून उंटरहाखिंगविरुद्ध एक अठरा वर्षांचा मुलगा बदली म्हणून आला आणि त्याने गोल केला. थोमास म्युलर. दोन वर्षांनी तो विश्वचषकात सर्वाधिक गोलांचा बूट घेऊन आला. हेर्मान गेरलांड तेव्हा तो संघ घडवत होते. समोर दणकट, अनुभवी, पोटासाठी खेळणारी माणसं असतात म्हणून ही पोरं तयार होतात. वयोगटाच्या लीगमध्ये ते होत नाही.

---

निळापिवळा

@पहिलाटच, म्युलरबद्दल वाद नाही. पण त्याच वर्षी आलेनकडे बघा. हा कोळशाच्या खाणीचा गाव, खाण २००० मध्ये बंद झाली. रोट-वाइस आलेनने उत्तर गट जिंकला आणि त्यांच्या संघात मार्को रॉइस आणि केविन ग्रोसक्रॉइट्झ होते, दोघेही नुकते विशीच्या आसपास. रॉइसने शेवटच्या फेरीत गोल केला. म्हणजे लहान क्लबाच्या पहिल्या संघातही पोरं घडतात, फक्त क्लब जिवंत हवा.

(अवांतर : दक्षिण गटात आलेन नावाचाच आणखी एक संघ होता, स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. उत्तरेचा आलेन पहिला येऊन दुसरीत गेला, दक्षिणेचा नव्या तिसरीत. देवनागरीत तर दोन्ही अगदी सारखेच दिसतात, म्हणून सांगून ठेवतो.)

आणि वर जाणाऱ्या चौघांचंही सांगतो. उत्तरेतून आलेन आणि ओबरहाउझेन, दक्षिणेतून एफएसव्ही फ्रांकफुर्ट आणि इंगोलश्टाट. यातले ओबरहाउझेन आणि फ्रांकफुर्ट एक वर्ष आधी चौथ्या पायरीवर होते. इंगोलश्टाट हा क्लबच २००४ मध्ये दोन क्लब एकत्र होऊन जन्मला. म्हणजे नावाजलेली घराणी दहाव्या नंबरासाठी ओढाताण करत होती आणि वरच्या पायऱ्या दुसरेच चढून गेले.

---

पणजीचो

निळापिवळा, जुनी जखम उघडलीत. आमच्याकडे आय-लीगचा, म्हणजे भारतातल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, पहिला हंगाम तोच, २००७-०८! धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स दोघांचे ३६ गुण, विजेतेपद धेंपोकडे. गोव्यात पेढे वाटले गेले. पण त्याच हंगामात वास्कोचा साळगावकर खाली गेला. माझे बाबा साळगावकरचे. त्या संध्याकाळी त्यांनी देवळातून परतल्यावर रेडिओसुद्धा लावला नाही.

साळगावकर परत आला आणि २०१०-११ मध्ये आय-लीग जिंकला. म्हणजे खाली जाणं हा शेवट नसतो, वाट मोकळी असेल तर. पण पुढे वरखाली होण्याचे नियम कोणासाठी कसे लावायचे यावरच खेळ बसला. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीग सोडली. त्यामुळे तुम्ही म्हणता ती चाळण मला एका अर्थी बरी वाटते. निदान मैदानावर ठरलं. आमचं बैठकीच्या खोलीत ठरलं.

---

वाचकमात्र

मे २००८ म्हटलं की मला फक्त बायर्नचा गोलरक्षक ऑलिव्हर कानचा कोलकात्याचा निरोपाचा सामना आठवतो. २७ मेला बायर्न मोहन बागानशी खेळला, सॉल्ट लेकवर. सगळ्या वाहिन्यांवर तेच. तेव्हा जर्मनीत हे असं काही चाललंय याचा पत्ताच नव्हता. पुढे लिहा, शेवटच्या दिवशी काय झालं?

---

निळापिवळा

@पणजीचो, तुमच्या बाबांचं वाचून थांबलो जरा. मैदानावर ठरलं हे तुमचं खरं आहे. त्यासाठी या हंगामाला मी कधीच नावं ठेवली नाहीत. राग आहे तो रेघ कुठे मारली याचा.

@वाचकमात्र, गंमत बघा, कोलकात्याच्या त्या सामन्यानंतर चारच दिवसांनी आमचा निकाल लागला. ३१ मे २००८, शनिवार.

त्याआधीचं थोडक्यात. बेनो म्योलमान प्रशिक्षक होते. हिवाळ्यानंतर संघ दहाच्या आसपास लोंबकळत राहिला. एक सामना जिंकला की आठवा-नववा, हरला की बारावा. तीन सामने उरले असताना क्लबाने म्योलमानना काढलं आणि ज्युनियर संघाच्या प्रशिक्षकाला बोलावलं. टॉर्स्टेन लीबरक्नेख्ट. एक वर्षापूर्वीपर्यंत हा माणूस याच संघातून खेळत होता. माझ्या वर्गातल्या एका जर्मन मुलाने मेन्सात (विद्यापीठाच्या खानावळीत) जेवताना मान हलवली : ‘घर जळतंय आणि यांनी शेजारच्या पोराला बादली दिली.’ तो चुकीचा ठरणार हे त्या टेबलावर कोणालाच वाटलं नाही.

शेवटचा सामना घरी, डोर्टमुंडच्या दुसऱ्या संघाशी. आमचं एकट्याचं गणित नव्हतं. एसेन, माग्डेबुर्ग आणि आम्ही एकाच दोरीवर होतो. आपला सामना जिंकून पुरणार की नाही ते तिकडच्या मैदानांवर ठरणार होतं.

हांबुर्गर श्ट्रासेवर ट्राममधून उतरलो तेव्हा नेहमीचा आवाज नव्हता. लोक बोलत होते, पण हळू. एरवी सॉसेजच्या गाडीपाशी रांग लागते, त्या दिवशी गाडीवाला मोकळा उभा होता. मी नेहमीच्या पायरीवर गेलो. शेजारी एक आजी यायच्या, सत्तरीच्या, प्रत्येक सामन्याला. अंगात निळं जॅकेट, हातात लोकरीचा पिवळा मफलर, गरम असो की थंडी. त्या मफलरची एक कड उसवलेली होती आणि सामना अडला की त्या ती कड बोटांत पिळत राहायच्या. त्या दिवशी त्यांनी कानाला छोटा रेडिओ लावला होता. आमच्या पायऱ्यांवरचे बाराएक लोक मैदानाकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघत होते.

आमचा संघ २-० जिंकला. पण गोल झाल्यावरही जल्लोष अर्धा झाला आणि थांबला, कारण सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. एसेनकडे लुबेक पाहुणे आले होते, शर्यतीतून आधीच बाहेर पडलेले. एसेनच्या घरच्या मैदानावर, हाफेनश्ट्रासेवर. एसेन हे सहज काढणार असं सगळे धरून चालले होते. आजींनी रेडिओ कानापासून काढला आणि एवढंच म्हणाल्या, ‘लुबेक.’ कोणी तरी विचारलं, लुबेक काय? त्यांनी एक बोट वर केलं. ०-१.

एसेन बारावा. माग्डेबुर्ग अकरावा. आम्ही दहावे.

शिट्टी वाजल्यावर लोक कुंपणावरून मैदानात उतरले. चषक नव्हता, पदकं नव्हती. दहाव्या नंबरासाठी मोठाली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. आजी तशाच उभ्या होत्या, मफलरची ती कड बोटाला गुंडाळून. मी विचारलं, खाली यायचं का? त्या म्हणाल्या, ‘तू जा. मी १९६७ मध्ये उतरले होते.’

---

बर्लिनस्थ

डोळ्यांसमोर उभं केलंत.

मी बर्लिनच्या क्योपेनिकमध्ये, उनिऑनच्या भागात राहते, म्हणून त्यांचं सांगते. ते त्या हंगामात चौथे आले, म्हणजे त्यांना दहाची भीती नव्हती. पण त्या आधीची वर्षं ऐका. २००१ मध्ये तिसऱ्या पायरीवर असताना ते जर्मन कपच्या अंतिम फेरीत पोचले. मग घसरत चौथ्या पायरीवर गेले. त्या घसरणीतच, २००४ मध्ये, लीगमध्ये खेळायच्या परवान्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबाला दिला. २००६ मध्ये परत तिसरीत.

२००७-०८ संपला आणि नवी लीग म्हणजे नवे नियम. मैदान तर मोडकळीला आलेलं, पायऱ्यांच्या फटींतून गवत. मग जून २००८ पासून चाहतेच कामाला लागले. दोन हजारांहून जास्त लोक, एक लाख चाळीस हजार तास फुकट राबले, काँक्रीट ओतलं, छप्पर चढवलं. माझे सासरे त्यात होते. ते सुतार. तेरा महिने शनिवार-रविवार घरात दिसले नाहीत. आजही मैदानात गेलं की ते आधी एका विशिष्ट खांबाला हात लावतात आणि मगच जागेवर जातात. संघ तोवर दुसऱ्याच मैदानावर खेळत होता आणि त्याच वर्षी, २००८-०९ मध्ये, नव्या तिसऱ्या लीगचा पहिला विजेता झाला. जुलै २००९ मध्ये बर्लिनच्याच हेर्टाविरुद्धच्या सामन्याने मैदान परत उघडलं. पुढे २०१९ ला बुंडेसलीगा, २०२३ ला माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा सामना. सासरे तिकडे गेले नाहीत. म्हणाले, मला खांबापाशी बरं वाटतं.

---

आकडेमोड

ताई, भारीच. म्हणजे रेघेच्या वर राहणं किती महत्त्वाचं होतं ते यावरून दिसतं. पण रेघेच्या वर राहूनही सगळ्यांचं भलं झालं नसेल ना?

---

निळापिवळा

नाही झालं. किकर्स एम्डेन नववे आले होते, आमच्या एक घर पुढे. पहिल्या वर्षी तिसरीत सहावे आले आणि २००९ मध्ये पैशांअभावी परवाना सोडला. वुपरटालने त्याच २००७-०८ मध्ये कपात बायर्नशी सामना खेळला, स्वतःचं मैदान पुरेना म्हणून शाल्केच्या स्टेडियममध्ये, २-५ ने हरले पण साठ हजारांवर लोक आले. दोन वर्षांनी तेही खाली. नवी लीग म्हणजे अख्ख्या देशातला प्रवास, स्टेडियमच्या जास्त कडक अटी. छोट्या गावांचं कंबरडं मोडलं.

आमचं मात्र बरं झालं. लीबरक्नेख्ट तीन सामन्यांसाठी म्हणून आले आणि दहा वर्षं राहिले. २०११ मध्ये तिसरी लीग जिंकली, २०१३ मध्ये बुंडेसलीगा, १९८५ नंतर पहिल्यांदाच. एकच वर्ष टिकलो, पण टिकलो. मी तेव्हा पुण्यात परत आलो होतो आणि पहाटेपर्यंत बढतीची छायाचित्रं बघत बसलो होतो.

माग्डेबुर्गला तिसऱ्या पायरीवर यायला २०१५ उजाडलं. सात वर्षं. ज्यांच्या कपाटात मिलानला हरवून जिंकलेला चषक आहे त्यांची सात वर्षं, एका पायरीसाठी. माझा एक मित्र तेव्हा माग्डेबुर्गला शिकत होता. ३१ मेच्या संध्याकाळी मी त्याला फोन केला नाही. आनंद झाला होता, पण त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

---

रुरकाठची

मी एसेनला राहते. धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय, लिहू की नको करत होते. आता लिहिते.

मी २०१० मध्ये इथे आले, हॉस्पिटलात नोकरीला. २००८ चं मी काही पाहिलेलं नाही. पण ज्या घरात भाड्याने राहिले त्याच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा होते, खाणीतून निवृत्त झालेले. मी त्यांना ओपाच (जर्मनमध्ये आजोबा) म्हणायचे. मी आले त्याच उन्हाळ्यात क्लबाचं दिवाळं निघालं. चौथ्यातून पाचव्या पायरीवर. मी ओपांना म्हटलं, आता काय करणार? ते म्हणाले, ‘शनिवारी जाणार. तू चल.’

तर माझा आयुष्यातला पहिला फुटबॉल सामना पाचव्या पायरीचा. जुन्या मैदानाला चारऐवजी तीनच बाजू होत्या, चौथी १९९४ मध्ये पाडली ती परत बांधलीच नाही. तिथून वारा थेट आत यायचा. आणि तरीही हजारो माणसं! पाचव्या पायरीच्या सामन्याला! मी सांगलीची, आमच्याकडे कुस्तीच्या फडाला अशी गर्दी बघितली होती, पण हरत राहिलेल्या पैलवानासाठी वर्षानुवर्षं येणारी गर्दी नव्हती बघितली.

बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले. इतक्या वर्षांत त्यांनी २००८ च्या शेवटच्या दिवसाबद्दल एकदाही सांगितलं नाही. फक्त टीव्हीवर हवामानात ‘लुबेक’ आलं की आवाज कमी करायचे. मला वाटायचं त्यांचे कोणी नातेवाईक तिकडे वारले असतील. तुमच्या या धाग्यामुळे आत्ता, इतक्या वर्षांनी, मला कारण कळलं.

---

निळापिवळा

ताई, काय लिहू. त्या दिवशी आम्ही ज्या बातमीची वाट बघत होतो ती तुमच्या ओपांची ती संध्याकाळ होती. वर मी राखीव संघांबद्दल बोललो होतो ना. २०२०-२१ मध्ये एसेन चौथ्या पायरीवर पश्चिम गटात दुसरा आला आणि वर गेला तो डोर्टमुंडचा दुसरा संघ. ज्याला हरवून आम्ही वाचलो होतो तोच. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

---

पहिलाटच

हे मान्य करतो, त्या वर्षी एसेनच्या बाबतीत नियम बोचला. आणि २०१२ नंतर तर चौथ्या पायरीचे पाच गट झाले. गट जिंकूनही सगळ्यांना थेट वर जाता येत नाही, काही विजेत्यांना आपसांत पुन्हा झुंजावं लागतं. ‘विजेता वर गेलाच पाहिजे’ ही तिथल्या क्लबांची मागणी मला रास्त वाटते. राखीव संघांबद्दलचं माझं मत मात्र कायम.

---

पणजीचो

ताई, २०२२ चं सांगा ना. तुम्ही होता तिथे?

---

रुरकाठची

होते. १४ मे २०२२. तोवर नवं स्टेडियम होऊन दहा वर्षं झाली होती, चारही बाजूंचं. आम्ही आणि म्युन्स्टर, गुण सारखे, फक्त गोलफरकाने आम्ही पुढे. शेवटचा सामना घरी. २००८ सारखंच. शेवटच्या फेरीत घरी, समोर ज्याला हरवायला हवं असा संघ. ओपांचे गुडघे गेले होते, तरी जिना उतरले. मी आणि त्यांच्या नातवाने दोन्हीकडून धरलं. पूर्ण सामनाभर ते एक शब्द बोलले नाहीत, खिशातली पेपरमिंटची गोळी काढायचे, कागद सोडायचे आणि न खाता परत गुंडाळायचे.

आम्ही २-० जिंकलो. लोक मैदानात उतरले. चौदा वर्षांनी तिसरी पायरी. नातू खाली पळाला. मी ओपांपाशी थांबले. त्यांनी विचारलं, ‘समोर कोण होतं गं?’ मला वाटलं वयामुळे विसरले. मी म्हटलं, आलेन. उत्तरेतला आलेन, रोट-वाइस.

ते म्हणाले, ‘हो. त्या वर्षी तेच पहिले आले होते.’

मग ती पेपरमिंटची गोळी त्यांनी तोंडात टाकली.

---

निळापिवळा

ताई, माझा नमस्कार ओपांना नक्की सांगा. तुम्ही वर आलात त्याच वसंतात आमचा संघ तिसरीतून दुसरीत गेला, त्यामुळे तेव्हाही गाठ पडली नाही. ब्राउनश्वाइगला कधी आलात तर दक्षिण बाजूला उभ्या राहा. आजी २०१५ पर्यंत येत होत्या असं कळलं. आता त्यांच्या पायरीवर त्यांची नात येते, मफलर तोच आहे, उसवलेली कड शिवून घेतलेली नाही.